टंचाईच्या टेबलावरचा नागसेन

आमच्या कचेरीत कलाकार एकच होता, आणि तो मी होतो. कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या कार्यक्रमात पेटी माझ्यापुढे यायची. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की माझं एक गीत ठरलेलं. साहेब बदलले, शिपाई बदलले, भिंतींचा रंग दोनदा बदलला, पण 'आता आपले बिराजदार आप्पा गाऊन दाखवतील' हे वाक्य काही बदललं नाही. मग नागसेन आला.

तो कंधारकडचा. कनिष्ठ लिपिक म्हणून लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याला आला. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष माझा आहे, कचेरीचा नाही. आल्या आल्या त्यानं टंचाईचं टेबल मागून घेतलं. टंचाईचं टेबल म्हणजे गावोगावच्या टँकरच्या मागण्या तपासून वर पाठवायच्या. ते कुणालाच नको असतं. उन्हाळा लागला की बाया रिकामे हंडे घेऊन सरळ टेबलापाशी येतात, आणि कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून जातात. असलं टेबल मागून घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात काहीतरी गडबड असणार, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

अंगानं बारीक, जाड भिंगाचा चष्मा, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. अक्षर असं सुरेख की साहेब नुसतं बघूनच सही करायचे. बोलणं मात्र इतकं हळू की समोरच्याला दोनदा 'काय?' म्हणावं लागायचं. जेवणाच्या सुट्टीत ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी, वर बशीतून चहा. शिक्का मारताना तो ठेका धरायचा. दोन हलके, एक जोरात. सगळी कचेरी नकळत त्या ठेक्यावर माना हलवायची. मला ते बेशिस्त वाटायचं.

एखादा सरपंच येऊन 'अर्ज देऊन महिना झाला' म्हणाला की नागसेन मान वर न करता म्हणायचा, "नुस्ता अर्ज देऊन काय हुतंय? आवाज केल्याबिगर टँकर येत न्हाई." सरकारी कारकुनानं जनतेला असा सल्ला देऊ नये. पण तो द्यायचा, आणि वर कुणाला भेटायचं तेही कागदावर लिहून द्यायचा.

दर रविवारी तो नांदेडला जायचा. आम्ही समजलो, कुठेतरी सोयरीक जमतेय. मग एकदा शिपायानं मोबाईल आणून दाखवला. नांदेडातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तिघं जण. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा इम्रान गिटारवर, त्याचा चुलतभाऊ ड्रमवर, आणि मधे आमचा नागसेन, गळ्यात हलगी, शिरा ताणून ओरडतोय. कचेरीत ज्याचं बोलणं टेबलापलीकडे जायचं नाही, त्याच्या आवाजानं मोबाईलचा स्पीकर फाटत होता. बँडचं नाव 'टंचाई'. या प्रकाराला पंक म्हणतात असं मला इम्रानकडून पुढं कळलं. तीन मिनिटांचं गाणं, त्यातली अडीच मिनिटं आरडाओरडा. सूर असायला हवा अशी अट नाही. मी गुरूंच्या घरी पाणी भरून आठ वर्षं पेटी शिकलो, त्या माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ह्याला गाणं म्हणतात होय रे?" मी त्याला विचारलं.

"न्हाई आप्पा," तो शांतपणे म्हणाला. "गाणं तुमी म्हंता. मी नुस्तं सांगून राहिलो."

हलगीची गोष्ट साधी नव्हती. त्याचे आजोबा गावात सांगतील तिथं आणि सांगतील तेव्हा हलगी वाजवायचे, मिळेल ते शिळंपाकं घ्यायचे. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी ती हलगी फोडून चुलीत घातली, आणि घरात पुन्हा चामडं वाजायचं नाही असं ठरलं. नातवानं ती परत हातात घेतल्यावर वडील त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. शेवटी एकदा म्हणाले, "ज्याच्यापायी मान खाली घातली तीच गळ्यात घातलीस?" त्यावर नागसेन म्हणाला, "दादा, आज्याला दुसऱ्यानं सांगितलं की वाजवावं लागायचं. मला कोणी सांगत न्हाई." वडिलांना ते पटलं की नाही ते माहीत नाही, पण बोलणं सुरू झालं. हे तो सांगत होता तेव्हा मी आठवून बघत होतो. आमच्या घरच्या लग्नांत वेशीवर हलगी वाजायची, आणि ती वाजवणाऱ्याचं नाव मला एकाही लग्नातलं आठवत नव्हतं.

दुष्काळ दोन वर्षं चालला. पहिल्या वर्षी त्याचं पुढं गाजलेलं गाणं झालं. गाणं म्हणजे काय, टँकरची मागणी आलेल्या तेवीस गावांची यादी. वडगाव, चिंचोली, सावरगाव, पिंपळगाव, एकेक नाव ओरडायचं आणि मधेमधे 'त्रुटी! त्रुटी! त्रुटी!' कागदात खोट काढून फाईल परत पाठवण्याला आमच्याकडे त्रुटी काढणं म्हणतात. यादीतलं शेवटचं गाव हिप्परगा, ते तीनदा. हिप्परगा माझं गाव. मी चार इयत्ता तिथं शिकलो, माझी भावकी तिथं आहे, आणि मी गातो हे तिथं कुणालाही माहीत नाही.

ते गाणं मोबाईलवरून कुठं कुठं गेलं कोण जाणे, दिवाळीनंतर त्या तिघांना जर्मनी आणि पोलंडचं बोलावणं आलं. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि आस्थापनेचं टेबल माझं. मी हसत हसत चार दिवसांत फाईल वर पाठवली. 'सांस्कृतिक कार्यक्रम' असं प्रयोजन मीच लिहिलं. मला वाटलं, तिकडं चार मराठी कुटुंबं असतील, गणपतीच्या मंडपासारखं काहीतरी असेल, थंडीनं कुडकुडून परत येईल.

परत आला तो गोष्टी घेऊन. त्याला गोष्टी सांगायची हौस नव्हती. जेवणाच्या सुट्टीत आम्हीच काढून घ्यायचो. विचारायला मीच पुढं असायचो आणि ऐकल्यावर भाकरी मलाच गोड लागायची नाही.

जर्मनीत एका जुन्या कारखान्याच्या तळघरात कार्यक्रम होता. थंडी, दमट हवा, हलगीचं चामडं सैल पडलेलं. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. नागसेननं मंचामागे पत्र्याच्या ताटात जुने पेपर पेटवले आणि हलगी धरली वर. छत हाताला लागेल एवढं खाली. आग लागली की आपोआप पाणी सोडणाऱ्या तोट्या त्या छतात बसवलेल्या होत्या, हे त्याला काय माहीत? तोटी फुटली आणि डोक्यावर धो धो पाणी.

"मग पळालास?" शिपायानं विचारलं.

"पळतंय कोण? पाणी चाललंय की वाया!" नागसेन म्हणाला. "मी वरडलो, इम्रान, बादली लाव! बर्फाची बादली लावली, ड्रमची पेटी लावली, दारूच्या बाटल्याचे खोके हुते ते लावले. ते बी भरले. मग मला सुधरंना, मी समोरच्या लोकाला वरडलो, लावा की काहीतरी!"

दीडशे माणसं समोर उभी. त्यांना वाटलं, हाच कार्यक्रम. कुणी टोपी धरली, कुणी पेला धरला, एकानं बूट काढून धरला. इम्राननं तशात गिटार सुरू केली. विजेचा धक्का बसून मेला नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक गावात लोक घरून भांडी घेऊन यायला लागले. पातेली, किटल्या, एका बाईनं तर लेकराला अंघोळ घालायचा टब आणला. गाणं लागलं की सगळे ती भांडी डोक्यावर धरायचे.

सगळी कचेरी हसून बेजार झाली. मीही हसलो. पण पोटात दुखत होतं ते हसून नव्हे. बावीस वर्षं मी गातोय, माझ्या श्रोत्यांनी घरून काही आणलं असेल तर ती झोप.

पोलंडची गोष्ट त्यानं सगळ्यांदेखत सांगितली नाही. मला एकट्याला सांगितली, कचेरीमागच्या कडुनिंबाखाली. तिथं एक बाई शहराची बस चालवायची. पन्नाशीची. या तिघांच्या मागं ती रजा काढून तीन गावं फिरली. तिनं तेवीस गावांची नावं आपल्या लिपीत वहीत लिहिली होती आणि कार्यक्रम संपल्यावर ती वही उघडून एकेक विचारत बसली. वडगावला पाणी आलं का? चिंचोलीला? नागसेन सांगत गेला. शेवटी तिनं विचारलं, हिप्परग्याला आलं का?

"मी म्हणलं, आलं. खोटं न्हवतं बोललो, आलं हुतं," नागसेन म्हणाला. मग चपलेनं माती उकरायला लागला. "पण आप्पा, बारा दिस मी लांबवलं हुतं ते. त्रुटी काढून."

हिप्परग्यात त्याची मावशी दिलेली. मागच्या एका दुष्काळात तिचा हंडा वरच्या आळीतल्या बायांनी विहिरीवरून ढकलून दिला होता. ते त्याच्या मनात होतं. गावाची मागणी टेबलावर आली आणि त्यानं एक दाखला कमी आहे म्हणून ती परत पाठवली. वरच्या आळीत आमची बोअर होती. आम्हाला काहीच झालं नाही. बारा दिवस नदीच्या वाळूत झरा उकरत बसली ती त्याची मावशीच.

"तिनं मला इचारलं बी न्हाई," तो म्हणाला. "म्हणली, येईल रे, कागदाचं काम हाय. मनून ते नाव मी तीनदा वरडतो. त्या बसवाल्या बाईला काय सांगू आता ह्यातलं?"

असं स्वतःबद्दल कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. माझ्या मनात काय आलं ते सांगतो. माझ्या मनात आलं, पोलंडातल्या बसवाल्या बाईला माझं गाव पाठ आहे आणि ते याच्यामुळं.

दुसरा उन्हाळा पहिल्याहून वाईट गेला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो हा उन्हाळा. नागसेन रात्रंदिवस राबत होता, आणि त्यातच त्याची परदेशी पत्रं कचेरीच्या पत्त्यावर यायला लागली. पाकिटावर रंगीबेरंगी चिकटपट्ट्या, कवटीची चित्रं, आणि खाली इंग्रजीत 'नागसेन, टँकरचं टेबल'. आमचा टपालाचा कारकून नियमाचा पक्का. कचेरीत आलेला कागद आवक रजिस्टरला चढलाच पाहिजे. त्यानं पत्रं फोडून, क्रमांक टाकून, शिक्का मारून साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी न वाचता प्रत्येकावर शेरा मारला, 'नियमानुसार कार्यवाही करून अहवाल सादर करावा.' एका जर्मन पोरीनं लिहिलं होतं की मी घर सोडायचं ठरवलं होतं, पण तुमचं गाणं ऐकून आता सोडत नाही. त्यावरही तोच शेरा. नागसेननं खरोखरच प्रत्येक पत्राला उत्तर लिहिलं, त्याची प्रत फाईलला लावली आणि साहेबांना अहवाल दिला, 'अर्जदारास समक्ष समज देणे शक्य नसल्याने लेखी कळविण्यात आले आहे.' मी ती फाईल चोरून वाचली. दोनदा वाचली. मला आजवर एक पत्र आलंय, रेडिओचं, 'आपली निवड झालेली नाही' असं.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. कचेरीत त्याला कुणी एकदाही गा म्हणालं नाही. निरोपाला पेटी माझ्यापुढेच यायची. तरी मला चैन पडेना. मी गायला लागलो की तो पहिल्या रांगेत बसून डोळे मिटून ऐकायचा आणि समेवर बरोबर मान द्यायचा. त्याचं ते नीट ऐकणंही मला टोचायला लागलं.

त्या वर्षी पाऊस झाला. आणि दुसरं बोलावणं आलं. या वेळी पाच देश, मोठा महोत्सव, महिनाभर. पोस्टरवर 'टंचाई' नाव पहिल्या ओळीत. नागसेननं अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी. "आप्पा, ह्या टायमाला दादा विमानतळापस्तोर येतो म्हणून राहिलेत," म्हणाला. वडिलांनी हलगीसाठी स्वतः कापडाची पिशवी शिवून घेतली होती.

मी त्रुटी काढली.

पहिली अशी की टंचाई काळात मुख्यालय सोडण्याची वेगळी परवानगी जोडलेली नाही. मी हे लिहीत होतो तेव्हा कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत चिखल होता आणि शिपाई दारात पोतं टाकत होता. नागसेननं उत्तर दिलं, टंचाई कालावधी संपला आहे, आदेशाची प्रत सोबत. आठ दिवसांनी मी दुसरी काढली. त्या दिवसांत नवा जिल्हा होणार, आपला तालुका त्यात जाणार, अशी आवई जोरात होती. प्रत्येक जण आपण कुठल्या जिल्ह्यात राहणार याची चिंता करत होता. मी लिहिलं, प्रस्तावित जिल्हा विभाजनाच्या अनुषंगाने कर्मचाऱ्याचा विकल्प जोडलेला नाही. जो जिल्हाच झालेला नव्हता त्याचा विकल्प! नागसेननं तोही लिहून दिला, मोत्यासारख्या अक्षरात. तिसरी त्रुटी, कार्यक्रमाचे स्वरूप स्पष्ट होत नाही. त्यावर त्यानं एकच शब्द लिहिला होता: 'आरडाओरडा.'

सगळ्या त्रुटी एकदम काढाव्यात असा नियम आहे. मी एकेक करून काढल्या. हे काम कसं करतात ते मला बावीस वर्षांत चांगलं येत होतं. त्याच्याशी दुसरं कुणी असं वागलं असतं तर त्यात आकस आहे हे मला समजलं नसतं का? समजलं असतं. रोज संध्याकाळी मी ठरवायचो, उद्या सोडून देऊ. सकाळी तो शिक्का मारायला लागला की तो दोन हलके, एक जोरात असा ठेका ऐकून माझा हात मागं यायचा. विमानाची तारीख गेली, त्यानंतर मी फाईल वर पाठवली. मंजूर होऊन आली.

इम्रान आणि त्याचा भाऊ दोघंच गेले. मोठ्या मंचावर त्यांनी मधोमध एक खुर्ची ठेवली, तिच्यावर हलगी उभी केली आणि गाणं सुरू केलं. गायला कुणी नाही. आणि समोरच्या हजारो लोकांनी ती यादी म्हटली. वडगाव, चिंचोली, सावरगाव, वेडेवाकडे उच्चार, पण एक गाव चुकलं नाही. भांडी वर धरलेली. शिपायानं मोबाईल साहेबांच्या टेबलावर उभा केला आणि आम्ही सगळे भोवती उभे राहून पाहत होतो. नागसेन सगळ्यांच्या मागं. त्याचे ओठ हलत होते. शेवटी हिप्परगा आलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि माझे कान तापले. संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "इम्रान जरा लवकर घुसला." मग टेबलावर जाऊन कामाला लागला.

पुढच्या वर्षी त्यानं विनंती बदली मागितली. जिल्हा तुटलाच तर आपण नांदेडकडं असावं, म्हातारे आईबाप जवळ राहतील, असं कारण दिलं. उमरी मिळाली. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाला. त्यामुळं मला गावं लागलं नाही. पण दुपारी तो बॅग आणि हलगी घेऊन निघाला तेव्हा मी रजा टाकून त्याच्याबरोबर स्टँडवर गेलो. कचेरीतून दुसरं कुणी आलं नव्हतं. नांदेडची गाडी लागायची होती. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. मी दोन चहा सांगितले. मनात होतं की आज बोलून मोकळं व्हायचं.

"नागसेन," मी म्हणालो, "त्या त्रुटी मी मुद्दाम काढल्या होत्या."

"हाव," तो म्हणाला. "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पैल्या त्रुटीपासून. मी टंचाईच्या टेबलावर बसतो, आप्पा."

"मग भांडला का नाहीस? साहेबांकडे का नाही गेलास? अरे, जगाला सांगतोस आवाज करा म्हणून. मला एक शिवी तरी द्यायची होतीस!"

त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारून प्याला. आवाज नेहमीसारखाच हळू.

"दिली असती तर तुमाला बरं वाटलं असतं," तो म्हणाला.

मी चहाचे पैसे दिले. गाडी लागली. त्यानं हलगीची पिशवी खांद्यावर घेतली, मला वाकून नमस्कार केला, जसा तो सणावारी करायचा, आणि दाराकडं निघाला. तेवढ्यात कॉलेजची एक मुलगी धावत आली. खांद्याला सॅक, हातात मोबाईल, धाप लागलेली.

"सर, तुमी टंचाईवाले ना? माझं गाव चिंचोली हाय, सर. तुमी आमचं नाव घेता. एक फोटो, सर, एकच!"

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. "काका, तेवढा काढता का?"

मी मोबाईल डोळ्यांपुढं धरला. गाडीच्या दारात ते दोघं. ती हसत होती, त्यानं चष्मा नीट केला, हलगी पिशवीतून काढून पुढं धरली, आणि मनगटाचं बटण लावलेलं आहे ना ते बघितलं. मागं कंडक्टर घंटीची दोरी धरून थांबला होता. एक क्षण वाटलं, दाबताना हात थोडा हलवावा. कुणालाही कळलं नसतं.

हात हलवला नाही. फोटो स्वच्छ आला. तिनं बघितला आणि म्हणाली, "काका, अजून एक काढा ना, सरांचा एकट्याचा."

मी तोही काढला.